शंभराचा कोपरा

१२ जानेवारी

ती. ताईंना नमस्कार.

तुमच्या जागेच्या फाटकाला रंग दिला. हे दर हिवाळ्यात देत, म्हणून मीही दिला. हिरवाच. बिजागरी करकरत होती, तिला तेल घातलं. आत गवत गुडघाभर वाढलंय, ते नंतर काढते. हे असते तर आधी गवत काढलं असतं, मग रंग. माझं उलट झालं, कारण रंगाचा डबा हाताशी होता आणि विळा सापडेना. ह्यांनी ठेवलेली वस्तू ह्यांनाच सापडायची.

इथली बातमी म्हणजे नगरपालिकेची नवी पट्टी. आतापर्यंत माणूस कामाला ठेवला की पट्टी, पगार वाढवला की पट्टी, दुकानावर मजला चढवला की पट्टी. एप्रिलपासून हे सगळं बंद. त्याऐवजी फक्त जमिनीवर पट्टी, तिच्या किमतीप्रमाणे. वर इमारत असो नाहीतर गवत, पट्टी तीच.

तुम्हाला आठवत असेल, माणसं मोजायला साहेब आला की आपली सगळी गल्ली एकमेकांची नातेवाईक होऊन जायची. माझ्याकडे तळघरात पुस्तकं शिवणाऱ्या दोघी माझ्या भाच्या. समोरच्या न्हाव्याकडे तीन मेहुणे, त्यातला एक त्याच्या सासऱ्याहून म्हातारा. साहेब विचारायचा, हा कोण? न्हावी म्हणायचा, घरचाच माणूस आहे, आवड म्हणून दाढ्या करतो. आता असलं काही करावं लागणार नाही.

जागांची किंमत ठरवायला प्रत्येक भागातले पाच रहिवासी घेतलेत. न्हावी आहे आणि मीही आहे. नगरपालिकेचं माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलेली मी एकटीच निघाले, म्हणून घेतलं. माझी शाळा सातवीत सुटली; पुढचं शिकले ते बांधायला आलेल्या छापील कागदांवर, त्यावरूनच तर तुम्ही मला मास्तरीण म्हणता. या पट्टीबद्दलही तसंच वाचलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात घास धरून. माणूस राबतो ती त्याची कमाई. जमिनीची किंमत मात्र आजूबाजूच्या सगळ्यांमुळे वाढते, मालक झोपला असला तरी. मला ते तेव्हाच पटलं होतं.

काम असं आहे. रस्त्यावर उभं राहून इमारती नाहीतच असं धरायचं. भागातली सगळ्यात सोयीची जागा पहिल्या दिवशी ठरवायची आणि तिला शंभर गुण द्यायचे. मग शाळेच्या एका वर्गात बसून बाकीच्या जागा तिच्याशी ताडून पाहायच्या: ही ऐंशी, ती साठ. आपली किंवा नात्यातली जागा आली की त्या माणसाने वर्गाबाहेर जायचं.

गुडघे कसे आहेत?

तुमची,
मास्तरीण

* * *

२९ जानेवारी

चि. मास्तरणीस आशीर्वाद.

गुडघे आहेत तिथेच आहेत, मी त्यांना कुठे नेत नाही आणि ते मला नेत नाहीत. लेकीचं घर चौथ्या मजल्यावर. खाली उतरायचं म्हणजे जावई घरी हवा. तो घरी असला की झोपलेला असतो.

फाटकाला रंग दिलास, बरं केलंस. धाकट्यानंतर ते कोण बघणार याची मला काळजी होती. माझ्या भावाने एक वर्ष चुकवलं नाही, आणि मी त्याला कधी एक ब्रशसुद्धा घेऊन दिला नाही.

पट्टीचं मला नीट कळलं नाही. गवतावर कसली पट्टी? ती जागा काही मिळवते का? माझ्या नवऱ्याला वाटणीत आली तेव्हा तिकडे कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. आपण काही केलं नाही, ती आपली आपण महाग झाली. म्हातारपणाला म्हणून ठेवली आहे. आता म्हातारपण आलं आहे, तरी अजून थोडं थांबावं म्हणते.

पण तू आहेस ना समितीवर. मग मला घोर नाही. घरचं माणूस आत असलं की बरं असतं.

तुझं जेवण वेळेवर होतं का? एकटं माणूस उभ्या उभ्या काहीतरी खातं आणि त्यालाच जेवण म्हणतं.

ताई

* * *

३ मार्च

ती. ताईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. समितीचं काम चालू होतं, ते काल संपलं.

पहिल्या दिवशी भागभर हिंडलो. डोळ्यांसमोर घरं असताना ती नाहीत असं धरणं वाटतं तेवढं सोपं नाही. शिंपिणीचं घर पुसून टाकलं, शाळा पुसून टाकली. मग आमचं तळघर असलेली इमारत आली. तीही पुसून टाकायची होती. ह्यांचं टेबल, दाबयंत्र, खुंटीवरचा सदरा, सगळं. मी म्हटलं, पुढे चला, इथलं माझं झालं.

शंभराची जागा त्याच दिवशी ठरली. कोणीतरी बोट दाखवलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग आठवडाभर वर्गात बसून उरलेल्या.

तुमच्या जागेचा क्रमांक आला तेव्हा मी नियमाप्रमाणे बाहेर जाऊन उभी राहिले. दार लोटलेलं होतं. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. न्हावी मागाहून म्हणाला, काकू, शाळेत कधी वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं वाटतं तुम्हाला, फारच सरळ उभ्या होतात.

कळवायचं ते नगरपालिका तुम्हाला कळवेलच.

जेवण वेळेवर होतं. बसून.

तुमची,
मास्तरीण

* * *

२० एप्रिल

चि. मास्तरणीस आशीर्वाद.

तुमच्या समितीचा कागद आला. लेकीने वाचून दाखवला, मग जावयाने वाचला, मग मी चष्मा लावून स्वतः वाचला. शंभर. सगळ्या भागात सगळ्यात वरचा आकडा माझ्या गवताला. जी पट्टी लिहिली आहे ती माझ्या वर्षाच्या औषधांहून जास्त आहे.

यात मला न्हाव्याचा हात दिसतो. त्याचं दुकान बरोबर समोर. माझ्या जागेला शंभर दिले की त्याची आपोआप खाली बसते. ऐंशी दिलेत म्हणे त्याने स्वतःला. तू बाहेर उभी राहिलीस आणि त्याने डाव साधला. तू बिचारी नियमाची. तुझ्यासारखी माणसं बाहेर उभी राहतात म्हणून त्याच्यासारख्यांचं आत चालतं.

मी त्याला पत्र टाकलं आहे. जे वाटलं ते सगळं लिहिलं. लहानपणी त्याच्या बापाने धाकट्याचा कान कापला होता तेही लिहिलं.

तू आता एक कर. माझ्या वतीने हरकतीचा अर्ज लिही. तुझी भाषा चांगली. ठासून लिही की ही जागा शंभराची नाही. मी खाली सही करून पाठवते.

ताई

* * *

१८ मे

ती. ताईंना नमस्कार.

अर्ज लिहायला बसले होते. दोनदा बसले. जमला की पाठवते.

तुमचं पत्र न्हाव्याला मिळालं. त्याने ते दुकानात मोठ्याने वाचलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर हसत होतं. कानाचा भाग आल्यावर त्याने बापाच्या तसबिरीकडे पाहून विचारलं, काय हो, खरं का? मी बांधणीच्या सुऱ्यांना धार लावायला त्याच्याकडे आले होते. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, पत्राची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, शिव्या फुकट मिळाल्या, यांच्यावर अजून पट्टी नाही. पुढे काही बोलला नाही. मीही नाही.

तुम्ही म्हणाल, पट्टीने भलं कुणाचं झालं? जे दिसतं ते लिहिते. न्हाव्याचे मेहुणे आता कारागीर झालेत आणि एकाने पगार वाढवून मागितला. न्हावी म्हणतो, मेहुणा होता तेव्हा गप्प असायचा. माझ्या दोघी भाच्या नोंदल्या गेल्या. शिवाय मी आणखी एकीला घेतलं, तिला भाची व्हावं लागलं नाही. आमचा घरमालक आधी म्हणाला होता, माझी पट्टी मी तुमच्या भाड्यात टाकणार. पण गल्लीतल्या इतक्या बंद जागांची कुलुपं निघाली, जो तो भाडेकरू शोधतोय, की त्याला गप्प बसावं लागलं.

पण दोन रस्ते सोडून एक म्हातारे गुरुजी राहतात. बाग मोठी, पेन्शन लहान. ते रोज फाटकात उभे असतात, मला पाहिलं की आत जातात. कागदांवर वाचलं होतं तेव्हा त्यात फाटकात उभं राहिलेलं माणूस नव्हतं.

अर्जाचं बघते.

तुमची,
मास्तरीण

* * *

१४ जून

चि. मास्तरणीस,

अर्ज राहू दे. एवढा वेळ लागतोय म्हणजे तुला तो लिहिणं जड जातंय. मी समजले. समितीत बसायचं आणि समितीविरुद्ध अर्ज लिहायचा, तुला ते अवघडच जाणार. मी तुला उगाच पेचात टाकलं.

लेक म्हणते, विकून टाक. जावई म्हणतो, विकून टाक. तो पहिल्यांदाच जागा होता. मी वेगळंच ठरवलं आहे. जागा तू घे. तिसरी बाई ठेवलीस म्हणतेस, तळघरात तुम्ही बसता तरी कुठे? तिथे शेड टाक, बांधणीचं काम तिकडे ने. भाडं तू ठरव. पट्टी भरून मला औषधापुरतं उरलं तरी पुष्कळ झालं. तुला जास्त विचारणार नाही. या सगळ्या प्रकरणात मला सरळ वागलेली तू एकटीच दिसलीस.

धाकटा गेल्यावर माहेर म्हणावं असं तूच उरली आहेस.

ताई

* * *

२ जुलै

ती. ताईंना नमस्कार.

जागा घ्यायच्या आधी एक सांगायचं आहे. हे पत्र आवडलं नाही तर जागा देऊ नका. मी काही म्हणणार नाही.

शंभराच्या जागेकडे बोट मी दाखवलं.

पहिल्या दिवशी चौकात उभे होतो. सगळे एकमेकांकडे पाहत होते. कुणालाच वाईटपणा घ्यायचा नव्हता. मी तुमच्या फाटकाकडे हात केला आणि म्हटलं, इथून सगळं जवळ. बाजार, शाळा, दवाखाना, बसचा थांबा. हे माझं वाक्य नव्हे, ह्यांचं आहे. गवत काढून झालं की फाटकाला टेकून घाम पुसत ते दर वेळी हेच म्हणायचे. ते वाक्य मी समितीपुढे टाकलं आणि सगळ्यांच्या माना डोलल्या.

जागा ठरवण्याचा तो दिवस होता, तुमचा क्रमांक आलेला नव्हता, म्हणून बाहेर जायचा नियम तेव्हा लागू नव्हता. नंतर क्रमांक आला तेव्हा मी बाहेर गेले. आत ठरवायचं काही उरलंच नव्हतं. तुम्हाला लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं. मी ते तपासून लिहिलं होतं. खरं बोलायचं असतं तेव्हा माणूस इतकं तपासत नाही.

न्हाव्याने तुमच्या जागेबद्दल तोंडही उघडलेलं नाही. त्याचे ऐंशीसुद्धा आम्ही चौघांनी ठरवले, तेव्हा तो बाहेर होता. तुमच्या शिव्या माझ्या होत्या आणि मी समोर उभी राहून त्या त्याला खाऊ दिल्या. तो माझ्यासाठी गप्प बसला. मी फक्त माझ्यासाठी.

आता तीच जागा मला मिळते आहे. मी हे ठरवून केलं नाही. पण ठरवून केलं असतं तरी याहून चोख जमलं नसतं. म्हणून तुमचं पत्र आल्यापासून मला तळघराच्या पायऱ्या चढून चौकात यायला नको वाटतं.

जागा शंभराचीच आहे, हे मात्र मी आजही म्हणेन. अर्ज त्याचसाठी जमला नाही. चुकले ते आकड्यात नाही. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, आणि बोट दुसऱ्या कुणाला दाखवू द्यायला हवं होतं. उद्या नगरपालिकेत जाऊन हे सांगणार आहे.

तुमची,
मास्तरीण

* * *

३० ऑगस्ट

मास्तरणीस,

पत्राला उशीर केला तो मुद्दाम. राग आला होता. तो गेलेला नाही, पण पत्र लिहिण्याइतका कमी झाला आहे.

तू बोट दाखवलंस ते समजू शकते. त्याचं वाक्य वापरलंस ते नाही. ते त्याने घामाने भिजून म्हटलं होतं, समितीसाठी नव्हे.

न्हाव्याला लिहिलं. क्षमा मागितली नाही, तब्येत विचारली. तो समजेल.

जागा तुलाच. पण भाडं तू ठरवायचं नाहीस. शंभराची जागा आहे म्हणतेस ना, मग शंभराचं भाडं दे. नात्याची सवलत नाही. तशी सवलत मी कुणालाच दिली नव्हती, आणि तेच लिहायला मला दोन महिने लागले.

धाकट्याने ती जागा मागितली होती. दोनदा. एकदा तुझ्या लग्नानंतर, आणि एकदा तळघरातल्या ओलीने त्याचा खोकला सुरू झाल्यावर. फुकट नव्हती मागितली, भाड्याने. मी म्हटलं, थांब, भाव चढतो आहे, आता कुणाला आत बसवलं तर उद्या विकताना अडचण. तो म्हणाला, बरं. दुसऱ्या दिवशी तिथलं गवत काढायला गेला.

जागा रिकामी ठेवायला मला काही खर्च पडत नव्हता, म्हणून ठेवली. हा तुमचा कागद तेव्हा आला असता तर मी त्याला ती दिली असती. चांगुलपणाने नव्हे, पट्टी परवडत नाही म्हणून दिली असती. तेवढ्यावरसुद्धा त्याचं भागलं असतं गं.

त्याने तुला हे कधी सांगितलं होतं का? काय असेल ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

ताई

* * *

१६ नोव्हेंबर

ती. ताईंना नमस्कार.

या वेळी उशीर मी केला. तुमचं पत्र वाचून मलाही राग आला, आणि तो कुणावर काढावा ते ठरेना. तुमच्यावर काढावा तर तुम्ही स्वतःच स्वतःवर काढून ठेवलेला.

नगरपालिकेने माझं नाव समितीतून काढलं आणि आमच्या भागाची मोजणी नव्याने करवली. नव्या पाच जणांत आमच्यातला कुणी नव्हता. मी घरीच होते. संध्याकाळी न्हावी सांगायला आला, शंभर तुमच्याच फाटकापाशी राहिले. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. गुरुजींना पट्टी घर विकेपर्यंत लांबणीवर टाकता येते, असं त्याच कार्यालयात कळलं. ते मी त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आत बोलावलं नाही.

शेड उभी राहिली. आम्ही चौघी तिथे बसतो. भाडं शंभराच्या हिशोबाने दर महिन्याला येईल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, त्यांनी सांगितलं नव्हतं. मीच एकदा म्हटलं होतं, ताईंना विचारा ना, कोपऱ्यावर जागा पडून आहे. तर म्हणाले, ताई काय, विचारायचा अवकाश, लगेच देईल, मलाच नको. रहदारीचा रस्ता आहे, ओल्या पुठ्ठ्यांवर धूळ बसेल, काम खराब होईल. कामाच्या बाबतीत त्यांच्यापुढे मी काय बोलणार? मी पुन्हा विषय काढला नाही.

काल दिवसभर रस्त्याकडचं दार उघडं ठेवलं. खळ लावलेले पुठ्ठे दारातच वाळत घातले. बस येत होत्या, जात होत्या, शाळा सुटली, बाजार भरला. दिवे लावायच्या आधी मी एकेक पुठ्ठा उचलला आणि त्यावरून बोट फिरवलं.

धूळ नव्हती.

तुमची,
धाकट्याची बायको